डाव्या कोपऱ्यातली मुलगी

समोरचा संघ मॅटवर उतरला की पहिल्या पाच मिनिटांत मला कळायचं, यातली कोण आपल्याला महागात पडणार आहे. चढाईत मी मध्यम होते, पकडीत बरी होते, पण बघण्यात आमच्या संघातल्या कुणी माझा हात धरला नसता.

ही सवय अण्णांनी लावली. अण्णा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पलटणीच्या संघातून कबड्डी खेळलेले. कराडजवळच्या आमच्या गावात शाळेमागच्या मैदानावर ते मुलींना शिकवायचे. पुढे आम्ही कराडच्या कॉलेजात गेलो तेव्हा कॉलेजनंही त्यांनाच बोलावून घेतलं. सामन्याच्या ठिकाणी ते आम्हाला तासभर आधी नेऊन कडेला बसवायचे आणि दुसऱ्या संघाचा सराव बघायला लावायचे. हातांकडं बघू नका म्हणायचे, हातांनी कुणालाही फसवता येतं, पावलं बघा. कोण उगाच उड्या मारतंय, कोण गप उभं आहे, कुणाला तिचा कोच कधीच ओरडत नाही. सराव संपला की ते माझ्याकडं वळायचे. "काय दिसलं गं?" एवढंच विचारायचे. मी सांगायचे. दहातल्या आठ वेळा तरी ते खरं निघायचं.

माझ्या मैत्रिणीला यातलं काहीच जमायचं नाही. ती कराडला लागून असलेल्या मलकापूरची. अकरावीपासून आम्ही एका बाकावर बसायचो. ती आमच्या संघाची मुख्य चढाईपटू होती. ती बघायची नाही, सरळ जायची. दम घ्यायची, मध्यरेषा ओलांडायची आणि समोर सात जणी आहेत हे तिला ठाऊकच नसल्यासारखी आत शिरायची. तिच्यासाठी बघायचं काम माझं होतं. प्रत्येक सामन्याआधी बुटाच्या नाड्या बांधता बांधता ती विचारायची, "सांग, कुणापासनं लांब राहू?" मी सांगितलं की ती तेवढ्या एकीपासून लांब राहायची आणि बाकीच्या सहा जणींना बेजार करायची. तिला पोलिसात जायचं होतं. खेळाडूंच्या राखीव जागांमधून भरती व्हायची म्हणून ती पहाटे उठून धावायची, आणि विद्यापीठाच्या संघात एकदा नाव लागलं की पुढचं सोपं होईल असा तिचा हिशेब होता.

हिशेब माझाही होता. मी तो कुणाला सांगितला नव्हता.

त्या वर्षी आम्ही सातारा विभागात पहिल्या आलो. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो आला. मुलींनी तिला खांद्यावर घेतलं होतं आणि फोटोच्या डाव्या कडेला माझा कोपर दिसत होता. कोपरच, बाकी मी कापली गेले होते. आईनं तो कोपर बोट ठेवून शेजारणीला दाखवला. मी हसले. पण तो पेपर मी बरेच दिवस टाकला नाही, आणि तो मी कौतुकानं ठेवला नव्हता हे मला तेव्हाही कळत होतं.

पुढचा सामना सांगलीत, सांगली विभागाच्या संघाशी. विद्यापीठाचा संघ याच सामन्यावरून निवडायचा होता. निवड समितीचे तिघे जण टेबलामागं बसले होते. आदल्या दिवसापासून सगळीकडं एकच बोलणं होतं की साताऱ्याकडून एकच चढाईपटू घेणार. ती एक कोण, हे कुणी विचारत नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं.

सांगलीच्या मुलींचा सराव चालू होता. त्या दंड थोपटत होत्या, एकमेकींना हाका मारत होत्या. त्यांच्या डाव्या कोपऱ्यात खेळणारी मुलगी मात्र एकटीच फिरत होती. लहान चणीची, सावळी, केस आखूड कापलेले. ती अनवाणी होती. दोन मॅट जिथं जुळतात त्या सांध्यावर टाच दाबून बघत होती. कोपऱ्यात एक सांधा जरा वर आला होता. तिनं तो दोनदा पायानं चाचपला, मग कडेला जाऊन बूट घातले आणि आमच्याकडं तोंड करून मांडी घालून बसली. आमच्या मुली चढाईचा सराव करत होत्या. ती त्यांच्या तोंडाकडं बघत नव्हती, हातांकडंही नाही. परत फिरताना आमची कुठली मुलगी कुठल्या पायावर जोर देते, हे ती बघत होती. माझी मैत्रीण परत फिरली तेव्हा त्या मुलीनं मान थोडी वाकडी केली.

आपल्यासारखंच बघणारं माणूस समोर बसलंय, हे मला पहिल्यांदाच दिसत होतं.

सामना सुरू होण्याच्या गडबडीत त्या दिवशी मैत्रीण विचारायला आली नाही. समितीतल्या एका बाईंनी तिला बोलावून तिचं गाव, शिक्षण विचारलं होतं, त्या खुशीत ती होती. मीही आपण होऊन गेले नाही. अजून खात्री कुठं आहे, एक चढाई करून बघू, मग सांगू, असं मी स्वतःला म्हटलं.

आमची दुसरी चढाई माझी होती. मी त्यांच्या डाव्या कोपऱ्याकडं सरकले. समोर सहा किंवा सात जणी असताना, मागचा पाय हवेत ठेवून बोनस रेषेपलीकडं एक पाऊल टाकलं की एक गुण मिळतो. मी तसं पाऊल टाकलं. त्याच क्षणी तिचा हात खाली आला आणि माझ्या घोट्यापासून चार बोटांवर थांबला. मी धरली गेले होते. त्यात काहीच शंका नव्हती. तिनं फक्त मूठ मिटायची होती.

तिनं हात मागं घेतला.

मी आधी तिच्या हाताकडं बघितलं, मग तोंडाकडं. ती माझ्याकडंच बघत होती. तिचा चेहरा अगदी शांत होता. मी मागं फिरले, मध्यरेषा ओलांडली, आमच्या बाजूनं टाळ्या पडल्या. मला गुण मिळाला होता. ती मुलगी गुण वाटत होती. माझ्यासारखीवर पकड खर्च करायची नाही असं तिनं ठरवलं होतं. सामना अटीतटीला येईल, आमची मुख्य चढाईपटू त्याच बाजूनं, त्याच पायानं, बिनधास्त आत येईल, तेव्हासाठी ती थांबली होती.

पहिल्या डावात माझ्या मैत्रिणीनं त्या कोपऱ्यातून तीन बोनस काढले. दर वेळी ती कोपऱ्यातली मुलगी जरा उशिरा वाकली. बघणारे हसायला लागले. कुणीतरी म्हणालं की कोपरा झोपलाय. तिचा कोच मात्र कडेला हाताची घडी घालून उभा होता. त्यानं तिला एक शब्दही सुनावला नाही.

मध्यंतराला आम्ही चार गुणांनी पुढं होतो. आम्ही गोल करून बसलो. मैत्रीण माझ्या शेजारी होती, पाण्याची बाटली तिनं अर्धी डोक्यावर ओतली. अण्णा उकिडवे बसले आणि नेहमीप्रमाणं माझ्याकडं वळले.

"त्यो डावा कोपरा कसा वाटतोय गं तुला? मला काय त्येचा अंदाज येईना."

तो क्षण मला जसाच्या तसा आठवतो. अण्णांच्या कपाळावर घाम होता. मैत्रीण बुटाची नाडी ओढत होती आणि तिचा कान माझ्याकडं होता. टेबलामागं समितीतले तिघे चहा पीत होते. मला सगळं सांगता आलं असतं. दहा शब्दही लागले नसते.

"काय न्हाई अण्णा," मी म्हणाले, "मंद हाय ती."

अण्णांनी मान हलवली. मैत्रीण हसली आणि म्हणाली की मग आज तिथनंच काम करते.

मी तिचं वाईट व्हावं असं मनात आणलं नव्हतं, हे मी नंतर स्वतःला हजार वेळा सांगितलं. ती एकदा दोनदा पकडीत सापडावी, बाहेर बसावी, तेवढ्यात समितीला मी दिसावी, एवढंच मला हवं होतं. एवढंच, असं मी तेव्हाही म्हणत होते. पण दुसरा डाव सुरू झाला आणि माझं खेळात लक्ष लागेना. कोपऱ्यातली मुलगी आता थोडी पुढं उभी राहत होती. आमचे चार गुण हळूहळू गेले. शेवटची दोनतीन मिनिटं राहिली तेव्हा बरोबरी झाली होती. त्यांच्या सहा जणी मॅटवर होत्या. आमच्या आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या, म्हणजे आता जी जाईल तिला गुण आणलाच पाहिजे.

मैत्रीण पुढं झाली. जाताना तिनं माझ्या पाठीवर थाप मारली.

ती सरळ त्या कोपऱ्याकडं गेली. मी काय होणार ते बघत उभी नव्हते, मला ते माहीत होतं. मी बघितलं तेव्हा पाऊल पडलं होतं आणि या वेळी मूठ मिटली होती. पकड स्वच्छ होती, घोट्यावर, दोन्ही हातांनी. माझी मैत्रीण ताकदीची होती, ती थांबली नाही. तिनं अंग मध्यरेषेकडं फिरवलं, पाय मात्र जागेवरच राहिला आणि शेजारची मुलगी धडक द्यायला आडवी आली. आवाज फार मोठा झाला नाही. मग ती ओरडली.

पंचांची शिट्टी वाजायच्या आत कोपऱ्यातल्या मुलीनं पकड सोडली होती. ती गुडघ्यांवर बसली, मैत्रिणीचा पाय तिनं दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवला आणि गोळा झालेल्या सगळ्यांना मोठ्यानं सांगत राहिली की कुणी हलवू नका. मी सगळ्यात शेवटी पोचले.

मिरजेच्या दवाखान्यात संध्याकाळपर्यंत आम्ही बाकावर बसून होतो. डॉक्टरांनी सांगितलं की गुडघ्यातलं लिगामेंट तुटलंय, ऑपरेशन करावं लागेल, पुढचं पुढं बघू. तिची आई मलकापूरहून आली. अण्णा तिच्यासमोर उठून उभे राहिले. सत्तरीला आलेला तो माणूस हात जोडून म्हणाला, "माझी चूक झाली, ताई. मला दिसाय पायजे हुतं. मला न्हाई दिसलं." मी त्यांच्या शेजारीच बसले होते. माझ्या मांडीवर मैत्रिणीचे बूट होते.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या संघाची यादी लागली. साताऱ्याकडून चढाईसाठी माझं नाव होतं.

शिबिर दहा दिवसांचं होतं, सांगलीतच. एका खोलीत चौघी जणी, आणि माझ्या पलीकडच्या कॉटवर ती कोपऱ्यातली मुलगी. सांगलीच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या गावची होती. जैन शेतकऱ्याचं घर, थोडी तंबाखू, थोडा ऊस. दिवस मावळायच्या आत जेवायची, म्हणून स्वयंपाकाच्या मावशी तिचं ताट आधी वाढायच्या. तिकडच्या बायका बोलतात तशी 'मी आलो, मी गेलो' असं बोलायची. बोलायची कमीच. तिनं मला पहिल्या दिवशी ओळख दाखवली आणि मैत्रिणीची चौकशी केली. ऑपरेशन झालंय एवढंच मी सांगितलं. त्यानंतर तीन दिवस मी तिला टाळलं. ती खोलीत आली की मी बाहेर जायचे.

चौथ्या दिवशी दुपारनंतर मी हौदावर कपडे धूत होते. ती बादली घेऊन आली आणि माझ्या शेजारच्या दगडावर बसली. बराच वेळ आम्ही दोघी कपडे घासत राहिलो. मग मान वर न करता तिनं विचारलं, "तू तिला सांगितली न्हाईस व्हय?"

"काय?"

"माझा हात. तुझ्या पयल्या चढाईतच तू बघितलीस की. मी हात मागं घेतलो, तवा तू माझ्या तोंडाकडं बघितलीस. मला वाटलं, झालं, हिला कळलं, आता ही जाऊन सांगणार. मध्यंतरानंतर ती तिकडनं येणारच न्हाई असं धरून मी दुसरंच ठरवून बसलो हुतो." तिनं जर्सी पिळली. "आणि ती आली. तसाच पाय टाकली."

माझ्या लक्षात आलं नव्हतं, असं मी म्हणाले.

"आलं हुतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती काही तरी नक्की करून घेत होती. तिनं बादली उचलली, उजेड आहे तोवर जेवून घेते म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशीपासून पकडीच्या सरावात ती माझ्या शेजारी उभी राहिली नाही. पकडीसाठी साखळी करताना कोपऱ्यातली मुलगी आणि तिच्या शेजारची एकमेकींचा हात धरतात. तिनं शिबिराच्या सरांना सांगून जोडी बदलून घेतली. सरांनी कारण विचारलं तेव्हा म्हणाली की आमचं जमत नाही. सर फार खोलात शिरले नाहीत. मला वाटत होतं, ती आज ना उद्या सगळ्यांना सांगेल. रोज जेवताना, रोज सरावाला मी त्याची वाट बघितली. तिनं कुणालाही सांगितलं नाही. शिबिरानंतरच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत आम्ही दुसऱ्याच सामन्यात हरलो आणि घरी आलो.

दोनेक महिन्यांनी मी मलकापूरला गेले. त्याआधी दोनदा नाक्यापर्यंत जाऊन परत आले होते. मैत्रीण सोफ्यावर बसून व्यायाम करत होती. घोट्याला वाळूची पिशवी बांधलेली, पाय वर घ्यायचा, दहा आकडे मोजायचे, खाली. तिच्या आईनं चहा दिला आणि ती आत गेली. मी काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. मी सुरुवात केली, म्हटलं, मला तुला काहीतरी सांगायचंय.

तिनं आकडे मोजायचे थांबवले नाहीत. दहा झाले तेव्हा पाय खाली घेतला, शेजारचा मोबाईल उचलला आणि माझ्यापुढं धरला. तिच्या मामेभावानं कडेला उभं राहून त्या सामन्याचा व्हिडिओ काढला होता. शेवटची चढाई. ती मध्यरेषा ओलांडून आत जाते. मागं मॅटच्या आमच्या बाजूला आमच्या मुली दिसतात, सगळ्यांच्या माना तिच्याकडं. एकटी मी तोंड फिरवून उभी आहे.

"पकड अजून व्हायची हाय हितं," ती म्हणाली. "मी पाय बी टाकला न्हाई अजून. आणि तू बग."

मी बघितलं. ती शांतपणे व्हिडिओ मागं नेऊन परत दाखवत राहिली. तिला तो आता पाठ झाला होता. मी रडायला लागले तेव्हा तिनं मोबाईल बंद केला.

"अण्णांना सांगितलंस?"

"न्हाई."

"ते दर रविवारी येत्यात. दर रविवारी आईची माफी मागत्यात. त्यांना जाऊन सांग." तिनं पाय परत वर घेतला आणि एकपासून मोजायला लागली. तिचे दहा झाले, परत दहा झाले. मी उठले तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

मी तिथूनच गावी गेले. अण्णा मैदानावर पाणी मारत होते. मी पाईपच्या शेजारी उभी राहून सगळं सांगितलं, सराव बघितल्यापासून ते मंद हाय म्हटलं तिथपर्यंत. ते ऐकत होते आणि पाईप एकाच जागी धरून होते. त्यांच्या पायाजवळ चिखल झाला. शेवटी त्यांनी नळ बंद केला आणि म्हणाले, "जा घरी. अंधार पडंल." पुढं आणखी एक वर्ष मी त्यांच्याकडं खेळले. ते मला सगळं शिकवायचे, चुकलं की ओरडायचे, संघात घ्यायचे. पण सामन्याआधी त्यांनी पुन्हा कधीही मला काय दिसलं असं विचारलं नाही. सराव संपला की ते स्वतःच चष्मा पुसून बघत बसायचे.

मैत्रिणीला धावता येईना. भरतीच्या दोन जाहिराती तशाच गेल्या. मग तिनं दुसरी परीक्षा दिली, आणि आता ती एका सरकारी कचेरीत नोकरी करते. लग्नकार्यात भेटलो तर ती माझ्याशी बोलते. मुलांचं विचारते, पाचगणीतल्या थंडीचं विचारते. जिना उतरताना ती आजही एका अंगानं उतरते. मी हात पुढं केला तर नको म्हणते.

मी पाचगणीला एका निवासी शाळेत खेळाची शिक्षिका आहे. विद्यापीठाच्या संघाचं प्रमाणपत्र त्या नोकरीला उपयोगी पडलं, हे लपवण्यात अर्थ नाही. मी मुलींना सामन्यांना घेऊन जाते, तासभर आधी पोचते आणि समोरचा संघ बघते. जे दिसेल ते लगेच सांगते, सगळ्यांसमोर, दोनदा सांगते.

गेल्या वर्षी सांगलीला आम्ही एका शाळेशी खेळलो. त्यांच्या डाव्या कोपऱ्यात एक मुलगी होती, गप्प, बारीक, मॅटवर पाय घासून बघणारी. मी आमच्या चढाईच्या मुलीला बाजूला घेतलं आणि बजावलं की काही झालं तरी त्या बाजूला पाऊल टाकायचं नाही. मी कशी बोलले असेन कोण जाणे, त्या पोरीचा चेहरा उतरला. अख्ख्या सामन्यात ती मध्यरेषेच्या आसपासच घुटमळली, बोनस रेषेजवळ एकदाही गेली नाही, आणि आम्ही सहज जिंकण्यासारखा सामना हरलो. नंतर हात धुताना त्यांच्या शिक्षिका मला म्हणाल्या की त्यांची नेहमीची मुलगी आजारी पडली म्हणून त्या पोरीला आयत्या वेळी उभं केलं होतं. तिला अजून साधी घोट्याची पकडही येत नव्हती. बूट नवे होते, मॅटवर घसरत होते, म्हणून ती पाय घासत होती.

परतीच्या गाडीत आमची मुलगी माझ्या मागच्या सीटवर बसली होती. पसरणीच्या घाटात तिनं मला विचारलं, "मॅडम, ती खरंच एवढी चांगली होती?" मी हो म्हणाले.